माहुलीवरची बॅटरी, पळसाचं पान आणि अरुंधती

शहापूर-मुरबाड पट्ट्यातून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. विषय वरवर वेगळे दिसले, तरी बहुतेकांची गाठ एकाच ठिकाणी आहे. एक खुलासा आधीच करतो: मी भौतिकशास्त्राचा माणूस, डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचा नंबर हे सगळं दवाखान्यात. उजेडाचं काय होतं, तेवढं इथे.

सर, सप्रेम नमस्कार. आमच्या ओट्यावरून माहुली दिसतो. रात्री गडावर कुणी मुक्कामाला असलं की त्यांची बॅटरी इथून चमकताना दिसते. पण दिवसा कितीही डोळे ताणले तरी वर एक माणूस दिसत नाही. माणूस बॅटरीपेक्षा केवढा तरी मोठा! मग असं उलटं कसं? दुसरं, टॉवरलाईनच्या तारा मैल-दोन मैलांवरूनही दिसतात. त्या तर माणसापेक्षा कितीतरी बारीक. — एक शेतकरी, सापगाव

पत्र वाचून फार बरं वाटलं. पुस्तकात प्रश्न इतका नेमका मांडलेला क्वचितच सापडतो.

डोळ्याची कामं दोन. तिथे काहीतरी आहे अशी वर्दी देणं हे पहिलं. ते एक आहे की दोन, खोड आहे की माणूस, हे सुटं करून सांगणं हे दुसरं. पहिल्या कामाला फक्त पुरेसा उजेड लागतो. वस्तू केवढी आहे याच्याशी डोळ्याला काही देणंघेणं नसतं. दुसऱ्या कामाला मात्र आकार लागतो, आणि त्याची एक ठरलेली मर्यादा आहे.

ती मर्यादा पंचांगवाल्यांच्या मापात सांगतो. एका अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला सुमारे तीस कलांचा दिसतो. निरोगी डोळ्याला दोन गोष्टी वेगळ्या ओळखू यायच्या, तर त्यांच्यात साधारण एक कलेचं अंतर हवं. त्याहून कमी असेल तर दोन्ही मिळून एकच ठिपका. घरगुती हिशेब हवा असेल तर वस्तूच्या आकाराला ३४०० ने गुणा. जे अंतर येईल, तिथून ती वस्तू एक कलेची दिसते. मोटारीच्या दोन दिव्यांमध्ये दीड मीटर अंतर धरलं तर पाच किलोमीटरच्या पलीकडे ते दोन दिवे मुळातच एक होतात. प्रत्यक्षात झगमगाटामुळे बरेच अलीकडे होतात.

ही एक कला येते कुठून? एक कारण बाहुलीत आहे आणि दुसरं डोळ्याच्या पडद्यावर. प्रकाश ही लाट आहे आणि लाट छोट्या भोकातून गेली की थोडी पसरते. भोक जितकं लहान, तितका पसारा मोठा. तीन मिलिमीटरच्या बाहुलीतून हिरवा-पिवळा उजेड आत जातो, तेव्हा हा पसारा पाऊण कलेच्या आसपास होतो. पडद्याच्या मध्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मक्याच्या कणसावरच्या दाण्यांसारख्या खेटून बसलेल्या आहेत. दोन शेजारी पेशींत अंतर सुमारे अडीच मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा चारशेवा भाग. बाहेरची एक कला पडद्यावर उतरते ती सुमारे पाच मायक्रॉनची होऊन, म्हणजे बरोबर दोन पेशींएवढी. दोन ठिपके वेगळे कळायला दोन पेशी उजळ आणि मधली एक काळोखी राहायला हवी. ते इथे जेमतेम जमतं. भिंग आणि पडदा, दोघांची मर्यादा जवळजवळ एकाच जागी येऊन टेकते. भिंग याहून चांगलं असतं तर पडद्याला त्याचा उपयोग झाला नसता, आणि पडदा याहून बारीक विणीचा असता तर भिंगाने त्याला काही पुरवलं नसतं. निसर्गाने एकाही बाजूला उधळपट्टी केलेली नाही.

आता माहुलीकडे वळू. गड तुमच्यापासून दहा किलोमीटर धरला तर तिथे एक कला म्हणजे जवळजवळ तीन मीटर. तीन मीटर लांब-रुंद तुकड्यातला सगळा उजेड तुमच्या डोळ्यात एकाच ठिपक्यात जमा होतो. त्या तुकड्यात माणूस उभा राहिला तरी तो तुकड्याचा एक दशांशच व्यापतो. बाकीचा नऊ दशांश गवत आणि कातळ. दोघेही त्याच उन्हात, जवळपास सारखेच उजळ. त्यातून मधल्या दहा किलोमीटरांतली धूळ आणि बाष्प उरलासुरला फरकही पुसून टाकतात. मग डोळ्याने वर्दी द्यायची तरी कशाच्या आधारावर? रात्री उलट होतं. त्याच तुकड्यात सगळीकडे काळोख आणि बॅटरी तेवढी उजेड फेकणारी. आता ती तीन मीटरची असो की तीन सेंटीमीटरची, ठिपका उजळतोच. फक्त तो किती मोठा, गोल की चौकोनी, बॅटरी एक की शेजारी शेजारी धरलेल्या दोन, हे तुम्हाला सांगता येणार नाही. तारे दिसतात तेही याच न्यायाने. सूर्य सोडला तर एकाही ताऱ्याची तबकडी विकलेच्या दहाव्या भागाइतकीसुद्धा नाही, तरी रात्री शेकड्यांनी दिसतात.

दिवसाही युक्ती चालते. गडावरच्या माणसाने तळहाताएवढ्या आरशातून ऊन तुमच्या दिशेने फेकलं तर सापगावातून लखकन दिसेल. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीत जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात दूरच्या शिखरावरची खूण नेमकी हेरायला दिवसा असे आरसे आणि रात्री दिवे वापरत. खांब किंवा झेंडा धुरकट हवेत दिसेनासा होई. आरशाची तिरीप दिसे.

तारांचंही बरंचसं असंच. ४०० केव्हीच्या लाईनवर, तुमच्याकडे पडघ्याच्या उपकेंद्राशी जोडलेल्या आहेत तसल्या, जी तार सर्रास असते ती सुमारे ३.२ सेंटीमीटर जाडीची. स्वच्छ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी रेघ असेल तर डोळा विकलाभर जाडीचीही टिपतो, कारण लांबच्या लांब ओळीने पेशींना तोच किंचितसा अंधार जाणवत राहतो आणि मेंदू ते सगळं एकत्र करून रेघ ओळखतो. या हिशेबाने ती तार पाच-सहा किलोमीटरवरूनही दिसायला हरकत नाही. आता गंमत बघा. या लाईनवर बऱ्याच ठिकाणी एकेका जागी दोन तारा जोडीने असतात, मध्ये ४५ सेंटीमीटर अंतर. टॉवरखाली उभं राहून त्या मोजा आणि मग बांधाबांधाने लांब जात राहा. दीड किलोमीटरच्या आसपास जोडीची एकच तार होईल. तार दिसत राहील, जोडी दिसायची थांबेल. तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एका फेरफटक्यात आहे.

सुईत दोरा ओवायचा म्हटलं की मी उन्हात ओट्यावर येऊन बसते. तांदूळ निवडायलासुद्धा. आत ट्यूब लावली तरी खडा नि कणी सारखीच दिसते. सासूबाई म्हणतात, डोळे बारीक करून बघ, दिसेल. मुलगी म्हणते, आई, चष्मा कर. वय बेचाळीस. कोणाचं ऐकू? — एक गृहिणी, सापगाव

तिघींचंही बरोबर आहे, पण शेवटी मुलीचं ऐका.

चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळच्या वस्तूसाठी त्याला पुरेसं फुगता येत नाही. मग सुईच्या नेढ्याच्या एका टोकावरून निघालेला उजेड पडद्यावर एका बिंदूत न मिळता चकतीसारखा पसरतो. ही चकती केवढी, हे दोन गोष्टींवर ठरतं: नंबर किती कमी पडतोय आणि बाहुली किती उघडी आहे. समजा, तुम्हाला एक नंबर कमी पडतोय. मंद उजेडात बाहुली सहा मिलिमीटर उघडते, तेव्हा ती चकती वीस कलांची होते, म्हणजे चंद्राच्या दोन तृतीयांश! त्यात खडा नि कणी कुठे वेगळी दिसणार? उन्हात बाहुली दोन मिलिमीटरवर येते आणि चकती सात कलांची होते. ट्यूबखाली तुमच्या सुपावर पडणारा उजेड दोनशे-तीनशे लक्सचा, भर उन्हात तो लाखाच्या घरात जातो. तुम्ही ओट्यावर येता ते नुसत्या जास्त उजेडासाठी नव्हे, बाहुली आकसावी म्हणूनही.

सासूबाईंची युक्तीही त्याच जातीची. डोळे बारीक केले की पापण्यांची फट बाहुलीचा वरचा-खालचा भाग झाकते. याहून सरस उपाय तुमच्या बांधावरच आहे. पळसाचं पान घ्या, बाभळीच्या काट्याने मिलिमीटरभर भोक पाडा, आणि पान एका डोळ्याला अगदी चिकटवून, दुसरा मिटून, औषधाच्या पाकिटावरची तारीख उन्हात वाचा. चष्म्याशिवाय वाचता येईल. चकती आता साडेतीन कलांवर आली. (त्या भोकातून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही. मुलांना हे बजावून सांगा.)

मग भोक आणखी बारीक केलं तर आणखी स्वच्छ दिसेल का? नाही. करून बघा, उलट अंधूक होईल. भोकातून लाट पसरते हे वर सांगितलंच. मिलिमीटरभर भोकात तो पसारा सव्वादोन कलांच्या पुढे जातो, अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात साडेचारच्या वर. म्हणजे एका बाजूने चकती लहान करत गेलो की दुसऱ्या बाजूने पसारा वाढतो. एक नंबर कमी पडणाऱ्या डोळ्यासाठी मिलिमीटरभर भोक हीच सोयीची तडजोड. डोळ्याच्या दवाखान्यात डोळ्यापुढे धरतात त्या काळ्या चकतीतली भोकंही साधारण एवढीच असतात, आणि ती चकती उगाच धरत नाहीत. भोकातून स्पष्ट दिसलं तर दोष बहुधा चष्म्याने भरून निघणारा आहे. भोकातूनही दिसेना, तर भिंग गढूळ झालंय का, पडद्याला काही झालंय का, हे बघायला लागतं. तेव्हा पानातून दोन्ही डोळे वेगवेगळे तपासा. एखाद्या डोळ्याला पानानेही फरक पडत नसेल तर चष्म्याच्या दुकानात न जाता आधी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

भरतीची तयारी करतोय. डोळे ६/६ लागतात. ६/६ म्हणजे शंभर टक्के नजर ना? मित्र म्हणतो तक्ता पाठ कर, झालं काम. — एक तरुण, किन्हवली

मित्राला सांगा, तक्ते एकापेक्षा जास्त असतात, आणि पाठांतराने मिळवलेली नजर रात्रीच्या ड्युटीला कामी येत नाही.

हा तक्ता नेदरलँडमधल्या उट्रेख्तच्या हर्मन स्नेलेन या डॉक्टरने १८६२ मध्ये काढला. त्याची मोजणी वर सांगितलेल्या एका कलेवरच उभी आहे. अक्षराचा प्रत्येक फराटा आणि मधली प्रत्येक मोकळी जागा एक कलेची, अख्खं अक्षर पाच कलांचं. सहा मीटरवरून ते पावणेनऊ मिलिमीटर उंच भरतं. ते वाचलंत तर ६/६. निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून वाचता यावं एवढं मोठं अक्षर तुम्हाला सहा मीटरवरूनच वाचता येत असेल तर ६/६०. त्या सगळ्यात वरच्या अक्षराची उंची पावणेनऊ सेंटीमीटर.

शंभर टक्क्यांचं म्हणाल तर तसं काही नाही. स्नेलेनने बऱ्यापैकी नजर म्हणून रेघ जिथे मारली तिथे ६/६ आहे. तुमच्या वयाची धडधाकट मुलं त्याखालची ओळही सहज वाचतात. ६/५ काही विशेष नाही. शिवाय हा तक्ता पांढऱ्यावर काळा, भरपूर उजेडात. धुक्यात, तिन्हीसांजेला, समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात काय दिसतं याबद्दल तो अक्षरही बोलत नाही. माझ्या मते तुमच्या कामाला तीच नजर जास्त महत्त्वाची.

माणसाचा डोळा ५७६ मेगापिक्सलचा असतो असं व्हिडिओत पाहिलं. खरं का? — अकरावी सायन्स, शहापूर

आकडा आला कुठून ते आधी बघ. समोरचं दृश्य १२० अंश रुंद आणि १२० अंश उंच धरलं, प्रत्येक ठिपका ०.३ कलेचा धरला. १२० अंश म्हणजे ७२०० कला, भागिले ०.३ म्हणजे २४,०००. चोवीस हजार गुणिले चोवीस हजार, ५७.६ कोटी. गुणाकार चोख आहे, गृहीतक फसवं आहे. सगळीकडे सारखंच बारीक दिसतं असं त्यात धरलंय.

ते तसं नाही हे आत्ताच्या आत्ता तपास. या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळव आणि ती न हलवता त्यापुढचा चौथा-पाचवा शब्द वाचून दाखव. जमणार नाही. हात लांब करून अंगठ्याचं नख धरलंस तर जेवढा भाग झाकला जातो, जेमतेम तेवढ्यातच आपल्याला कलेपर्यंतचं बारीक दिसतं. बाकी सगळीकडे वीण भराभर विरळ होते. डोळ्यात शंकुपेशी साठ-सत्तर लाख, मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी बारा कोटींच्या आसपास, आणि त्या सगळ्यांची खबर मेंदूकडे नेणारे मज्जातंतू मात्र दहा-बारा लाख. म्हणजे बहुतेक माहितीची छाटणी डोळ्यातच होते. समोर सगळं स्वच्छ दिसतंय असं वाटतं, कारण डोळा सेकंदाला तीन-चार वेळा उड्या मारत फिरतो आणि मेंदू ते तुकडे जुळवत बसतो. कॅमेऱ्याशी ही तुलना मुळातच करू नये. व्हिडिओवाल्यांचं काय, मोठा आकडा दिसला की त्यांना पुरे.

हॉल दहा बाय बाराचा. ४३ इंची टीव्ही घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, फोर-के घ्या, फुल एचडीत ठिपके दिसतात. — मुरबाड

३४०० चा गुणाकार इथेही करा. ४३ इंची पडदा ९५ सेंटीमीटर रुंद. फुल एचडीत त्या रुंदीत १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. गुणिले ३४००, तर १.७ मीटर. साडेपाच फुटांच्या पलीकडे बसलात की ते ठिपके ६/६ च्या डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. फोर-केचे ठिपके त्याच्या निम्मे. त्यांचा पुरेपूर फायदा घ्यायचा तर पडद्यापासून तीन फुटांच्या आत बसावं लागेल. तुमचा सोफा आठ-नऊ फुटांवर असणार. त्यातून केबलवरून येणारं चित्र मुळात बरेचदा फुल एचडीही नसतं. फोर-केच्या टीव्हीत रंग आणि उजळपणा चांगला असेल तर त्यासाठी जरूर घ्या. ते तीस फुटांवरूनही कळतं. दुकानात पडद्याला नाक लावून तुलना करू नका. सोफ्याएवढं अंतर मागे सरा, मग ठरवा.

शाळेची सहल माळशेजमार्गे खोडदला गेली. तिथल्या रेडिओ दुर्बिणींच्या तबकड्या केवढ्या! मुलांनी विचारलं, एवढ्या मोठ्या डोळ्याला किती बारीक दिसत असेल? आणि तबकडीला पत्रा नाही, नुसती जाळी, असं का? — एक शिक्षिका, टोकावडे

मुलांना सांगा की त्यातली एकटी तबकडी तुमच्या डोळ्यापुढे अगदीच मंद आहे. त्यांचा विश्वास बसणार नाही, पण हिशेब सोपा आहे.

बारीक दिसणं हे डोळा किती मोठा यावर एकट्यावर ठरत नाही. डोळ्याच्या रुंदीत किती लाटा मावतात त्यावर ठरतं. आपली बाहुली तीन मिलिमीटरची, पण प्रकाशाची लाट इतकी तोकडी की त्या तीन मिलिमीटरांत पाच हजारांवर लाटा मावतात. खोडदची तबकडी ४५ मीटर व्यासाची. पण हायड्रोजनकडून येणारी रेडिओलहर २१ सेंटीमीटर लांब. ४५ मीटरांत मावतात जेमतेम दोनशे चौदा. त्यामुळे एका तबकडीला वीस कलांहून बारीक काही वेगळं करता येत नाही. तिला चंद्र दाखवला तर तो एक-दीड ठिपक्याचा! आपल्या डोळ्याइतकं बारीक बघायला या लहरीवर किलोमीटरहून मोठी तबकडी लागेल. ती कोण बांधणार आणि कशी वळवणार?

गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून तीस तबकड्या बांधल्या. चौदा मध्यभागी किलोमीटरभराच्या टापूत, सोळा तीन फाट्यांवर लांबवर. टोकाच्या दोन तबकड्यांत पंचवीस किलोमीटरपर्यंत अंतर पडतं. सगळ्यांनी टिपलेल्या लहरी वेळ अचूक जुळवून एकत्र केल्या की बारीक दिसण्यापुरतं ते साधन पंचवीस किलोमीटर व्यासाच्या तबकडीसारखं वागतं. मग २१ सेंटीमीटरवर सुमारे दोन विकलांपर्यंतचं वेगळं कळतं, म्हणजे माणसाच्या नजरेच्या तीसपट. मधली शेतं, द्राक्षबागा, गावं मात्र उजेड गोळा करत नाहीत; तेवढ्यापुरती दुर्बीण तीस तबकड्यांचीच. वर माहुलीच्या पत्रात जी दोन कामं वेगळी केली, ती खोडदला अशी सुटी सुटी दिसतात: वर्दी देण्याचं काम तबकड्यांच्या क्षेत्रफळाचं, सुटं करण्याचं काम त्यांच्यातल्या अंतराचं.

जाळीचं उत्तर दोन ओळींत. तिचे चौकोन एक ते दोन सेंटीमीटरचे. २१ सेंटीमीटरच्या लहरीला एवढी भोकं जाणवत नाहीत, तिच्या लेखी तो सलग पत्राच. वारा मात्र आरपार जातो, वजन कमी होतं, खर्च वाचतो. पुढच्या वेळी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास जमवा. तेव्हा तिथे लोकांना सगळं समजावून सांगतात.

मुलाचं लग्न वैशाखात झालं. भटजींनी अरुंधती दाखवली, सगळे "दिसली, दिसली" म्हणाले. मला काही दिसली नाही. माझे डोळे गेले का? — वरमाय, सापगाव

मुहूर्त कधीचा होता ते लिहिलं नाहीत. दुपारी साडेबाराचा असेल तर भटजींनाही दिसली नसणार, आणि "दिसली" म्हणणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

रात्रीचा असेल तर ऐका. सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाकडून दुसरा तारा वसिष्ठ. त्याला अगदी लागून अरुंधती. दोघांत अंतर बारा कलांचं, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेच्या बारापट. वेगळं ओळखण्याची अडचण इथे मुळीच नाही. नंबर थोडाफार चुकलेल्यालाही ती वेगळी दिसावी. अडचण उजेडाची. अरुंधती वसिष्ठाच्या सुमारे एक षष्ठांश उजळ, चौथ्या प्रतीची. मांडवातले हॅलोजन, डीजेचे झोत आणि क्षितिजावर कल्याण-भिवंडीकडचा भगभगाट यांत चौथ्या प्रतीचा तारा बुडून जातो. नजर चांगली असूनही दिसत नाही तो असा. आधी मोठा तारा दाखवून मग शेजारच्या बारीककडे नेण्याची जी रीत आहे, तिला शास्त्रकारांनी अरुंधतीदर्शनन्याय असं नाव देऊन ठेवलंय, इतकी ती जुनी आणि कामाची. वसिष्ठ मात्र स्वतःच दोन ताऱ्यांची जोडी आहे. त्यांच्यात फक्त चौदा विकला, कलेच्या चौथाईहूनही कमी. ती जोडी १६१७ मध्ये गॅलिलिओच्या वर्तुळात, दुर्बिणीतूनच, पहिल्यांदा सुटी दिसली. दुर्बिणीआधी कोणत्याही ऋषीला ती दिसणं शक्य नव्हतं.

आता करा असं. चैत्र-वैशाखात रात्री नऊ-दहाच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला चांगले वर असतात. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा, अंगणातला दिवा मालवा, मोबाईल घरात ठेवा. वीस-तीस मिनिटं काळोखात बसा. दंडपेशींना जागं व्हायला तेवढा वेळ लागतो. मग वसिष्ठाकडे रोखून न बघता नजर जराशी बाजूला ठेवा, कारण पडद्याच्या अगदी मध्यावर शंकुपेशीच आहेत आणि मंद उजेडात त्या निकामी ठरतात. दंडपेशी कडेला आहेत. अंधारात पायवाटेवरून चालतानाही हीच युक्ती करा, वाटेत आडवं पडलेलं काही असेल तर ते कडेच्या नजरेला आधी कळतं. एवढं करूनही अरुंधती दिसली नाही, आणि सूनबाईंना त्याच जागेवरून दिसत असेल, तर दुसऱ्या दिवशी शहापूरला डोळे तपासून घ्या. लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच बघा; पुष्कळ जण तो रात्री काढून ठेवतात.